पार्श्वभूमी : सातशे पराभवांचं इंडियाना आणि सिग्नेटींचं पहिलं वर्ष

जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना विद्यापीठाने मायामीला २७-२१ असं हरवलं आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. हंगामात सोळा सामने, सोळाही जिंकले. तेव्हापासून जो तो 'चमत्कार' म्हणतोय. मला ते पटत नाही. यामागे बदललेले नियम आहेत, पैसा आहे आणि आडवळणाने इथवर आलेला एक कोच आहे, कर्ट सिग्नेटी. या तिन्ही गोष्टी २०२४ च्या हंगामातच दिसल्या होत्या.

इंडियाना विद्यापीठाचं ब्लूमिंग्टन हे बास्केटबॉलचं गाव. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली तीन एकट्या कोच बॉब नाइट यांच्या काळातली. फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा वेळ घालवायची सोय. १९४५ साली बो मॅकमिलिन यांच्या संघाने एकही सामना न हरता 'बिग टेन' ही त्यांची साखळी जिंकली. १९६७ मध्ये जॉन पाँट यांचा संघ रोझ बोल या मानाच्या सामन्यापर्यंत गेला आणि ओ. जे. सिम्पसनच्या यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) १४-३ असा हरला. पुढची पन्नासहून अधिक वर्षं बिग टेनचा करंडक या गावात आला नाही. २०२३ संपेपर्यंत नावावर सातशेहून अधिक पराभव जमले होते. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात इतके सामने कुणीच हरलं नव्हतं.

१९७६ चा एक किस्सा तिथे अजून सांगतात. बलाढ्य ओहायो स्टेटविरुद्ध इंडियाना ७-६ असं पुढे गेलं. कोच ली कोर्सो यांनी टाइमआउट घेतला, पोरांना गोळा केलं आणि मागे धावफलक दिसेल असा फोटो काढून घेतला. सामना ४७-७ असा हरले. विनोदी वाटतं खरं, पण आघाडी टिकणार नाही हे कोचलाच ठाऊक असावं, यातच त्या संघाची सगळी अवस्था आली.

नंतर बिल मॅलरी यांनी बारा-तेरा वर्षं संघाला बरे दिवस दाखवले. टेरी हेपनर यांनी आशा लावली, पण २००७ च्या हंगामाआधीच मेंदूच्या कर्करोगाने ते गेले. मग टॉम ॲलन. २०२० च्या कोविडग्रस्त हंगामात त्यांच्या संघाने आठपैकी सहा सामने जिंकले. पेन स्टेटविरुद्ध जादा वेळेत क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) मायकेल पेनिक्सने अंग झोकून, हात लांबवून चेंडू कोपऱ्यातल्या खांबाला टेकवला आणि सामना ३६-३५ असा खेचला. लोकांना वाटलं, आता दिवस पालटले. पुढच्या तीन हंगामांत मिळून नऊ विजय मिळाले.

पेनिक्स त्यातल्या पहिल्या वाईट हंगामानंतर वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि त्या संघाला थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात घेऊन गेला. हे शक्य झालं कारण २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल', म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आलं आणि २०२१ पासून कॉलेज बदललं तरी एक वर्ष घरी बसायची अट गेली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभाही मिळाली. म्हणजे नव्या व्यवस्थेचा पहिला फटका इंडियानालाच बसला होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाने १ कोटी ५५ लाख डॉलर मोजून ॲलन यांना निरोप दिला. त्यांच्या जागी आले कर्ट सिग्नेटी. वय ६२, मोठ्या साखळीत मुख्य कोच म्हणून अनुभव शून्य. पण नीट पाहिलं तर माणूस कच्चा नव्हता. वडील फ्रँक हेही नावाजलेले कोच. कर्ट अलाबामात निक सेबन या नामांकित कोचच्या हाताखाली खेळाडूंची भरती बघत होते. २०११ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, ती नोकरी सोडून ते पेनसिल्व्हेनियातल्या एका दुय्यम गटातल्या कॉलेजात मुख्य कोच झाले. तिथून एलॉन, मग जेम्स मॅडिसन विद्यापीठ. जेम्स मॅडिसनमध्ये त्यांचे ५२ विजय आणि ९ पराभव. बड्या कॉलेजांनी न उचललेल्या पोरांत कोण खरा खेळतो, हे ओळखण्यात त्यांची तेरा वर्षं गेली. पोर्टलच्या जमान्यात याहून उपयोगी शिक्षण कोणतं?

आल्या आल्या बास्केटबॉलच्या सामन्यात माइक हातात घेऊन त्यांनी पर्ड्यू, मिशिगन आणि ओहायो स्टेट या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना भिकार ठरवलं. नंतर पत्रकारांना म्हणाले, 'मी जिंकतो. गूगल करून बघा.' लोक हसले. त्यांनी मात्र जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू आणि आपले मुख्य सहायक सोबत आणले. क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क ओहायो विद्यापीठाचा (हे ओहायो स्टेटहून वेगळं). त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला होता आणि तो त्या हंगामात तसाच खेळला, हे हंगाम संपल्यावर बाहेर आलं.

२०२४ च्या हंगामात नेब्रास्काला ५६-७, पर्ड्यूला ६६-० असं लोळवलं. मिशिगनला २०-१५ असं हरवलं तेव्हा ओळीने दहावा विजय झाला. शतकाहून जुन्या या संघाने एका हंगामात दहा सामने कधीच जिंकले नव्हते. ओहायो स्टेटने ३८-१५ असं जमिनीवर आणलं. मग राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या नव्या प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्याच सामन्यात नोत्र दामने २७-१७ असं हरवलं, आणि तेही आकड्यात दिसतं त्याहून एकतर्फी. 'सोपं वेळापत्रक मिळालं म्हणून इथवर आले,' अशी टीका झाली. ती अर्धी खरी होती. ज्यांना हरवायला हवं होतं त्यांना मात्र त्यांनी चोख हरवलं, आणि इंडियानाला तेवढंही कित्येक वर्षं जमलं नव्हतं.

हंगाम संपायच्या आतच विद्यापीठाने आठ वर्षांचा, ७ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार पुढे केला होता. बास्केटबॉलच्या गावात फुटबॉल कोचसाठी एवढी थैली मोकळी व्हावी, हेच आधी कुणाला खरं वाटलं नसतं. रूर्कची कॉलेजची वर्षं संपली. सिग्नेटींनी पुन्हा पोर्टल गाठलं आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझाला आणलं. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइजमन ट्रॉफी डिसेंबर २०२५ मध्ये त्याला मिळाली.