संत्र्याचा वास साबणात का टिकत नाही?

आंबिया बहाराची संत्री कळमना मार्केटात उतरू लागली, की नागपुरात घरोघरी सालींचा ढीग पडतो. अशा वेळी घरी साबण करायला घेणाऱ्याच्या मनात पहिली येते ती संत्र्याची वडी. हौस अगदी रास्त आहे. पण सुगंधी साबणांत जपायला सगळ्यांत अवघड वास तोच. साबण छान जमतो, आणि महिन्याभराने वडी नाकाशी धरली तर संत्रं कुठेच नसतं.

साल उजेडात धरून बघा. तिच्यावरचा एकेक बारीक ठिपका म्हणजे तेलाची पिशवी. साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली, तर उडालेला फवारा तडतडून पेटतो. या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो. त्याच्या रेणूत १० कार्बन, १६ हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकही नाही. असे लहान रेणू एकमेकांना घट्ट धरून राहत नाहीत, भराभर हवेत जातात. म्हणून तर एका खोलीत संत्रं सोललं की दुसऱ्या खोलीत कळतं. साबणाला मात्र हाच गुण नडतो.

कारण साबण तयार होतो उष्णतेत आणि मुरतो उघड्या हवेत. खोबरेल असो की शेंगदाण्याचं तेल, त्याच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. कॉस्टिक सोडा हे जोड तोडतो. त्यातलं सोडियम मेदाम्लांना चिकटतं, तो साबण. ग्लिसरीन सुटं होतं आणि घरच्या साबणात तसंच राहतं. मेदाची ही घडण १९व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी उलगडली. जोड तुटताना उष्णता बाहेर पडते, साच्यातला साबण आतून तापतो. पुढे चार ते सहा आठवडे वड्या वाऱ्यावर ठेवायच्या, म्हणजे पाणी उडून त्या कडक होतात. त्या पाण्यासोबत लिमोनीनही निघून जातं.

नुसती साल वापरून भागत नाही. वाळवताना तिचं बरंचसं तेल उडालेलंच असतं. पूड घातली तर तपकिरी रंग आणि खरखर मिळते, वास नाही. रस तर घालूच नका. त्यातलं आम्ल कॉस्टिक खातं, आणि साखरेमुळे मिश्रण जास्तच तापून काळवंडतं.

मग वास धरून कसा ठेवायचा? जड रेणूंची सोबत देऊन. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरला खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावतात. वर्षभर पडून राहिलेल्या ताटीवर पाणी सोडलं तरी वास येतोच, कारण वाळ्याच्या तेलातले मुख्य रेणू १५ कार्बनांचे, जड आणि आळशी असतात. संत्र्याच्या तेलात थोडं वाळ्याचं आणि थोडं गवती चहाचं तेल मिसळा. गवती चहातलं सिट्रल लिमोनीनइतकं उडत नाही, आणि त्याचा लिंबासारखा आंबटसर वास संत्र्याची आठवण धरून ठेवतो. माझ्या मते नवख्याने पहिला साबण गवती चहाचाच करावा.

कॉस्टिक हाताळायचं धाडस होत नसेल, तर तयार सोप बेस आणा. त्यातली रासायनिक क्रिया आधीच पूर्ण झालेली असते. तो वितळवायचा, जरा निवू द्यायचा, सुगंधी तेल घालून ओतायचा आणि घट्ट होताच प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. महिनाभर वाऱ्यावर ठेवायची गरज नसल्याने संत्रं इथे बरंच जास्त टिकतं.

कॉस्टिकने करणार असाल तर सगळं वजनावर, एक ग्रॅमही दाखवणाऱ्या काट्यावर. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं : एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. समजा २०० ग्रॅम खोबरेल, २५० शेंगदाणा आणि ५० एरंडेल घेतलं, तर हिशेब ७७ ग्रॅमचा येतो. त्यातून पाच टक्के कमी करून ७३ ग्रॅमच घ्यायचं, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि कातडी सोलवटत नाही. पाणी १५० ग्रॅम, तेही डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून चिकट साका करतं. सुगंधी तेलं सगळी मिळून १५ ग्रॅमपर्यंत पुरेत.

कॉस्टिक पाण्यात हळूहळू सोडायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. द्रावण काही क्षणांत ८० अंशांच्या वर जाऊ शकतं, म्हणून मे महिन्यात पाणी फ्रिजमधलं घ्या. भांडं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खाऊन टाकतं आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या घाला, खिडकी उघडी ठेवा, लेकरं दुसऱ्या खोलीत. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुवून लगेच डॉक्टरांकडे.

द्रावण आणि तेल दोन्ही कोमट झाले, की एकत्र करून घोटा. चमच्यातून वरून धार सोडल्यावर तिची रेघ क्षणभर दिसली, की सुगंधी तेल घालायची वेळ झाली. लवंगेचं तेल असेल तर हात भरभर चालवा, ते मिश्रण बघता बघता घट्ट करतं.

संत्र्याचं तेल छोट्या बाटलीत घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. सुमारे ४८ अंशांनाच त्याच्या वाफा ठिणगीने पेटू शकतात, त्यामुळे मे महिन्यात तर गॅसच्या ओट्यापासून ते दूरच बरं. हवा लागून जुनं झालेलं लिमोनीन काहींच्या त्वचेला ॲलर्जी करतं, तेव्हा गेल्या वर्षीची अर्धी बाटली यंदाच्या साबणात घालू नका. तयार वड्या पावसाळ्यात कपाटात कोंडू नका. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि त्यांच्यावर घामासारखे थेंब येतात.