बालकांचे पोलिओ लसीकरण (१९५० ते १९८०)

पोलिओमुळे येणारे अपंगत्व टाळण्यासाठी लहान मुलांना लस देण्याची पद्धत. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडून पसरतो. लागण झालेल्या बहुतेक मुलांना काहीच जाणवत नाही; थोड्यांच्या मज्जारज्जूतील चेतापेशी मरतात आणि हातपाय कायमचे लुळे पडतात. अमेरिकेत १९५२ साली सुमारे ५८,००० रुग्ण नोंदले गेले.

अमेरिकी शास्त्रज्ञ जोनास सॉल्क यांनी विषाणूचे तिन्ही प्रकार फॉर्मॅलिन या रसायनाने मारून टोचण्याची लस तयार केली. १९५४ मधील तिच्या चाचणीत सुमारे १८ लाख शाळकरी मुले सहभागी झाली. काहींना लस मिळाली, काहींना लस नसलेले द्रावण, तर अनेकांवर केवळ देखरेख ठेवली गेली. आपल्या मुलाला खरी लस मिळेल याची खात्री नसतानाही पालकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. या मुलांचा वाटा शास्त्रज्ञांच्या नावांमागे झाकला जातो, हे न्याय्य नाही. १२ एप्रिल १९५५ रोजी लस प्रभावी असल्याचे जाहीर झाले. पण काही आठवड्यांतच एका उत्पादकाच्या लसीत जिवंत विषाणू राहिल्याचे उघड झाले. त्यातून सुमारे २०० जण लुळे पडले, १० दगावले. लसीच्या तपासणीचे नियम त्यानंतर कडक झाले.

टोचलेली लस मुलाला लुळेपणापासून वाचवते, मात्र विषाणूची आतड्यातली वाढ ती पुरेशी रोखत नाही. अमेरिकेतील दुसरे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेबिन यांनी विषाणू दुबळा करून तोंडावाटे द्यायची लस बनवली. ती आतड्यातही प्रतिकार निर्माण करते, त्यामुळे संसर्गाची साखळीच तुटू शकते. तिच्या मोठ्या चाचण्या १९५९ मध्ये विषाणुतज्ज्ञ मिखाईल चुमाकोव्ह यांच्या देखरेखीखाली सोव्हिएत संघात झाल्या. साखरेच्या वडीवर थेंब टाकून ती मुलांना खायला देत. सुई नको, उकळलेल्या सिरिंज नकोत. थोड्याशा प्रशिक्षणावर स्वयंसेवकही डोस देऊ शकत. क्युबाने १९६२ मध्ये देशभर एकाच वेळी मोहीम घेतली, तीही याच लसीने.

थेंबांतही उणिवा होत्या. दुबळा केलेला विषाणू लाखो डोसांमागे एखाद्या वेळी पुन्हा सबळ होऊन लुळेपणा आणतो. शिवाय उष्ण प्रदेशांतील अनेक मुलांमध्ये तीन डोसांनंतरही पुरेशी प्रतिकारशक्ती येत नसे. तमिळनाडूतील वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनी हे १९७० च्या दशकात दाखवून दिले आणि अशा मुलांना जास्त डोस द्यावेत, असा आग्रह धरला.