सोन्याचा रस भेगेत ओतला गेला नव्हता

जमिनीखाली वितळलेलं सोनं भेगांत शिरलं आणि तिथेच गोठलं, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. सोनं वितळायला 1064 अंश सेल्सिअस लागतात. कर्नाटकातल्या कोलार किंवा हट्टीसारख्या सोन्याच्या ठिकाणच्या शिरा, म्हणजे खडकाच्या भेगांत भरलेले गारगोटीचे पट्टे, साधारण 200 ते 500 अंशांच्या पाण्यातून बनल्या.

हो, पाण्यातून! खोलवरच्या त्या गरम पाण्यात गंधक असतं. सोन्याचे अणू गंधकाला धरून विरघळतात, अगदी अत्यल्प प्रमाणात. भूकंपाने खडक फाटला की पाणी भेगेत घुसतं, दाब एकदम उतरतो, गारगोटी साचते आणि भेग बुजते. मग पुन्हा फाटते. अशा शिरेचा तुकडा हातात घेऊन पाहा: पांढऱ्या गारगोटीत कागदाएवढ्या पातळ काळ्या रेषा दिसतात. त्या बाजूच्या खडकाच्या चिंधड्या आहेत, वारंवार फाटल्याच्या खुणा.

पण सोनं शोधताना नुसती गारगोटी पाहून चालत नाही. शेजारच्या खडकातलं लोह पाण्यातलं गंधक ओढून घेतं, त्याचं पायराइट (लोह आणि गंधकाचं पिवळं, चमकदार खनिज) होतं आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच बसतं. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला शिरेलगतच्या, काळ्या अभ्रकाने भरलेल्या बदललेल्या खडकातही सोनं सापडतं.

आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमधल्या सुंदर गारगोट्या मात्र लाव्हाच्या पोकळ्यांत, बऱ्याच कमी तापमानाला वाढलेल्या आहेत. सोन्याच्या आशेने त्या फोडू नका. पिवळं काही चमकलंच तर सुई टोचा: सोन्यावर खळगा पडतो, पायराइटचा चुरा होतो.