शॉर्टसर्किट नव्हे, सैल स्क्रू

घराला आग लागल्याची बातमी आली की तिचं शेवटचं वाक्य न वाचताच सांगता येतं: 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.' मला या वाक्याचा राग येतो. कधी ते खरं असेलही. पण या एका शब्दाखाली अगदी उलट जातीचा बिघाडही खपून जातो, आणि खाऱ्या हवेत राहणाऱ्या आम्हा कोकणातल्या लोकांना त्याचाच घोर जास्त आहे.

शॉर्टसर्किटमध्ये वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल या दोन तारा थेट भिडतात. वाटेतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जवळजवळ संपतो, करंट शेकडो अँपिअरवर जातो आणि एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) तत्क्षणी पडतो. दुसऱ्या बिघाडात रोध वाढतो, तोही थोडासाच, एखाद्या स्क्रूखाली. त्यामुळे करंट उलट किंचित कमी होतो. एमसीबी फक्त जास्तीचा करंट ओळखतो, त्याला यात वावगं काहीच दिसत नाही.

गेल्या गणपतीत देवगडकडचं आमचं घर आठ महिन्यांनी उघडलं. दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या बाजूला मासळीसारखा वास यायला लागला. गणपतीचे दिवस, घरात मासे येण्याचा प्रश्नच नाही. वास गीझरच्या सॉकेटचा होता. जुन्या सॉकेटचं पांढरं कडक प्लास्टिक बरेचदा युरिया-फॉर्माल्डिहाइडचं असतं. ते फार तापलं की अमाइन जातीची संयुगं सुटतात, आणि मासळीचा वासही अमाइनचाच. असा वास आला की आधी मेन स्विच बंद करावा, मग मांजराला हाकलावं.

वाडीतला वायरमन आला. सॉकेट उघडलं तर एका स्क्रूभोवती तपकिरी डाग आणि तारेच्या टोकाला हिरवट पूड. "काकानू, स्क्रू ढिलो झालो हा," तो म्हणाला. मी म्हटलं, आवळायच्या आधी एकदा मोजूया.

मोजायचं कसं? साधा मल्टिमीटर अर्ध्या ओहमच्या आसपास भरवशाचा नसतो, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध मध्ये येतो. म्हणून ओहमच्या नियमाकडे वळायचं. जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तर असलेल्या गेऑर्ग ओहमने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडलेला हा नियम दहावीला सगळ्यांनी घोकलेला असतो: व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध. गीझर चालू ठेवून वायरमनने दोन जागी व्होल्टेज घेतलं (हे काम जाणत्यानेच करावं). मीटरबोर्डवर २२६ व्होल्ट, सॉकेटवर २२१.५. मधल्या वाटेत साडेचार व्होल्ट गळाले. क्लॅम्पमीटरवर करंट ८.४ अँपिअर. ४.५ भागिले ८.४ म्हणजे ०.५४ ओहम.

यातला तारेचा वाटा किती? अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला साधारण ७.४ मिलिओहम रोध करते. बोर्डापासून सॉकेट पंधरा मीटर, जाऊन-येऊन तीस. म्हणजे ०.२२ ओहम. उरलेले ०.३२ सांध्यांचे, म्हणजे तार जिथे जिथे स्क्रूखाली आवळलेली असते त्या जागांचे.

०.३२ ओहम ऐकायला काहीच वाटत नाही. २००० वॅटच्या गीझरचा स्वतःचा रोध साडेसव्वीस ओहम असतो (२३०चा वर्ग भागिले २०००), त्यापुढे हे किरकोळच. पण उष्णता काढायला जूल या इंग्रज शास्त्रज्ञाचं १८४१चं सूत्र लावा: करंटचा वर्ग गुणिले रोध. ८.४ गुणिले ८.४ गुणिले ०.३२, म्हणजे सुमारे २३ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं. जवळजवळ तेवढी उष्णता आमच्या बंद सॉकेटात, मुख्यतः एका हरभऱ्याएवढ्या जागेत साचत होती. तारेवरचं पीव्हीसी प्लास्टिकचं वेष्टण कायमचं ७० अंशांपर्यंतच सोसतं. आणि गीझर? पाणी नेहमीसारखंच तापत होतं.

सांधा असा का बिघडतो, हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. दोन जांभे चिरे एकमेकांवर ठेवा. पूर्ण पाठ टेकल्यासारखी दिसते, पण खरे टेकलेले असतात ते चार-दोन उंचवटे. घासूनपुसून लखलखीत केलेल्या तांब्या-पितळेचंही तेच, फक्त उंचवटे सूक्ष्मदर्शकाखालचे. सगळा करंट त्या मोजक्या ठिपक्यांतून दाटीवाटीने जातो. स्क्रू घट्ट असला की उंचवटे दबून ठिपके रुंदावतात. सैल झाला की ठिपके कमी होतात आणि फटीत हवा शिरते. आमच्या हवेत मिठाचे कण, मीठ ओल धरून ठेवतं, तांब्यावर ऑक्साइड आणि क्लोराइडची पुटं चढतात, आणि ती तांब्याइतकी वीज वाहू देत नाहीत. रोध वाढला की सांधा तापतो, तापला की पुटं आणखी जोरात चढतात. गीझर चालू-बंद होताना धातू फुगतो-आकसतो, स्क्रू आणखी सुटतो. तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार पिळून जोडलेली असेल तर पाहायलाच नको, दोन धातू आणि खारट ओल मिळून ॲल्युमिनियम झिजायला लागतं.

मीटरबोर्ड आग्नेय दिशेला हलवला की विजेचे त्रास थांबतात असं सांगून पैसे घेणारे वास्तुवाले आता आमच्या गावापर्यंत पोचले आहेत. सैल स्क्रू आग्नेयेलाही करंटच्या वर्गाच्या हिशेबानेच तापतो. त्या पैशांत घरातली सगळी सॉकेटं बदलून होतात.

आमचं एकच बदललं. वायरमनने तारेचं हिरवं टोक छाटलं, नवं टोक सोलून नव्या सॉकेटात घट्ट आवळलं, एमसीबीखालचे दोन्ही स्क्रूही आवळले. मग गीझर लावून पुन्हा मोजलं: बोर्डावर २२६, सॉकेटवर २२३.९. सांध्यांकडे उरले ०.०३ ओहम, म्हणजे दोन वॅट. अर्ध्या तासाने सॉकेटच्या झाकणावर तळहात ठेवून पाहिला, भिंतीइतकंच गार होतं.