वालाला रात्र मोजता येते

पावसाळी भाज्यांचा निकाल ऑक्टोबरात लागतो. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीने ‘टाकीच्या बाजूचा कोपरा तेवढा वापरा’ म्हणून गच्चीवर जी जागा दिली आहे, तिथला निकाल असा: भेंडी पहिल्या वर्गात, घोसाळं घासणी होऊन का होईना पण पास, मिरची काठावर. आणि वाल नापास. जूनमध्ये लावलेला वेल टाकीच्या पाइपावरून दोरीवर आणि दोरीवरून वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला, त्यापायी मी शेजारच्या काकूंची बोलणी खाल्ली, पण फूल म्हणाल तर एक नाही.

त्याच पुडीतलं बी त्याच दिवशी जिन्याच्या खोलीमागच्या कुंडीतही टोचलं होतं. तो वेल अंगाने याच्या निम्मासुद्धा नव्हता. पण कोजागिरीला दूध आटवायला वर गेलो तर त्याच्यावर कळ्यांचे तुरे उभे! माती तीच, शेणखत तेच, पाणी घालणारा मी तोच. फरक एकच होता. टाकीच्या दारावर संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जळणारा एलईडी दिवा आहे, आणि जिन्याच्या खोलीमागे मिट्ट काळोख.

बी जांभळी नाक्यावर बसणाऱ्या येऊरच्या एका मावशींकडून घेतलं होतं. तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, “आत्ता लाव नाहीतर मागाहून लाव, शेंग धरायची तेव्हाच धरणार.” मला वाटलं, गिऱ्हाइकाला सांगायचं म्हणून सांगतायत. त्या वनस्पतिशास्त्रातला एक मोठा शोध एका वाक्यात सांगत होत्या, हे मागाहून कळलं.

शोधाची गोष्ट अशी. अमेरिकेच्या कृषिखात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोघे तंबाखूच्या एका वाणाने हैराण झाले होते. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा हा तंबाखू उन्हाळाभर माणसाहून उंच वाढे, पण फुलत नसे. तोच हिवाळ्यात काचगृहात लावला की लहानपणीच फुले. त्यांनी ऊब, पाणी, खत सगळं तपासलं. शेवटी ऐन जुलैत झाडं दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायची आणि सकाळी बाहेर काढायची असा उद्योग केला. दिवस खोटाच लहान झाला आणि झाडं फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी त्यातली खरी मेख दाखवली: झाड दिवस मोजत नाही, सलग रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा दाखवला, तर झाडाच्या हिशेबी ती एक मोठी रात्र न राहता दोन तोकड्या रात्री होतात, आणि फुलणं रद्द.

मोजणी होते पानात. पानामध्ये फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. तांबड्या उजेडात ते एक रूप घेतं आणि अंधारात हळूहळू ते सोडतं. या बदलाची सांगड झाडाच्या आतल्या चोवीस तासांच्या घड्याळाशी बसते आणि रात्र पुरेशी लांबली की पान निरोप धाडतं, शेंड्याला. हा निरोप नेणारं काहीतरी असलं पाहिजे, असं रशियन शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३०च्या दशकात मांडलं होतं आणि त्याला ‘फ्लोरिजेन’ असं नावही दिलं होतं. ते हाती लागायला मात्र २००७ साल उजाडलं. निघालं एक प्रथिन, जे पानात तयार होऊन अन्नवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत प्रवास करतं. त्यावर्षी ज्या झाडांमध्ये ते दाखवलं गेलं, त्यात आपला भातही होता.

आता ठाण्याकडे येऊ. आपण १९ अंश अक्षांशाच्या जरा वर आहोत. इथे २१ जूनचा दिवस साधारण १३ तास १७ मिनिटांचा आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस ११ तासांचा. म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन तास. लंडनला हाच फरक पावणेनऊ तासांचा असतो. ऑक्टोबरात इथे दिवस रोज एखाद मिनिटाने आखडतो, तो आपल्या लक्षातही येत नाही. आपल्या लक्षात येतो तो घाम. मुंबई-ठाण्यातून पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, आणि त्यानंतर जे तापतं त्याला आपण सरळ ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो. ऋतू पालटला हे कळायला वाल थंडीवर विसंबला असता, तर आमच्या गच्चीवर त्याला बिचाऱ्याला जानेवारीपर्यंत थांबावं लागलं असतं.

म्हणूनच कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. तेव्हा रात्री आधीच लांबलेल्या असतात, त्यामुळे रोपटं वीतभर वाढतं न वाढतं तोच फुलायला लागतं आणि पोपटीच्या, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याच्या, दिवसांत शेंगा हाताशी येतात. जूनमध्ये लावणाऱ्या माझ्यासारख्याला चार महिने नुसता पाला मिळतो. ज्यांना ही वाट बघणं नको, त्यांच्यासाठी बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने रात्रीशी देणंघेणं नसलेले ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे बुटके वाण काढलेले आहेत. कुंडीला ते खरं तर सोयीचे. मी हट्टाने वेलच लावतो, त्याला इलाज नाही.

(कोजागिरीच्या चंद्राचं काय, असं आमच्या मुलीने विचारलं. लक्स हे उजेडाचं माप, आणि पौर्णिमेचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. दारावरचा दिवा त्याच्या कितीतरी पट. चंद्राने वालाची रात्र सहसा मोडत नाही.)

वालाचा गुंता सुटेपर्यंत बाकीची कामं थांबत नाहीत. भेंडी एक दिवसाआड तोडायचीच, घरात कंटाळा आला तरी. फूल गळल्यावर पाच-सहा दिवस ती कोवळी असते, मग सालीत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारं द्रव्य, भरून दोरे येतात. टोक कट्‌कन मोडलं नाही तर समजायचं, गेली. निबर भेंडी झाडावर ठेवली की झाड आपली साखर तिच्यातल्या बियांकडे वळवतं आणि नवी फुलं आखडती घेतं. मागच्या बाजूची एक मी मुद्दाम ठेवतो, बियाण्याला. एकच.

लाल भोपळ्याची नखाने परीक्षा करावी. साल नखाने चिरली जात नसेल आणि देठ सुकून लाकडासारखा झाला असेल तर तो तयार. कापताना दोन-तीन इंच देठ राखायचा, कारण कूज शिरते ती देठाच्या जखमेतून. सुरणाचा दांडा पिवळा पडून आपण होऊन आडवा होईपर्यंत कंदाला हात लावू नये. हळदीचं नाव तर संक्रांतीपर्यंत काढू नये.

खरं काम असतं मातीचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे प्रत्येक उघड्या कुंडीवर दोन मीटरहून उंच पाण्याचा खांब उभा राहतो. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे पोटॅश, कॅल्शियम यांचे धन भाराचे कण मातीला बऱ्यापैकी चिकटून राहतात. नत्र मात्र बहुतेक नायट्रेटच्या रूपात, आणि नायट्रेटही ऋण. ते धरून ठेवायला कोणी नाही, पाण्याबरोबर भोकातून खाली. ऑक्टोबरात मिरचीची खालची पानं पिवळी पडतात ती यामुळे. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं. शेंड्याची कोवळी पानंच पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर मात्र भानगड बहुधा लोहाची, तिथे युरिया ओतून काही व्हायचं नाही. मी वरची दोन बोटं माती उकरून त्यात कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळतो.

ज्या कुंड्या रिकाम्या झाल्या, त्यांची माती गच्चीवर पातळ पसरून ओली करावी आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी दाबाव्यात, म्हणजे माती तापून तिच्यातली रोगाची बुरशी मरते. ऑक्टोबरच्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही. इस्रायलच्या कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही रीत शास्त्रशुद्ध तपासली. माती ओली हवी, कारण ओलीतून उष्णता खोलवर जाते आणि कोरडी पडून निवांत झोपलेली बुरशी ओलीत जागी होऊन सहज मरते. प्लास्टिक काळं नको. काळं स्वतः तापतं, पारदर्शक मातीला तापवतं.

भोपळ्याच्या पानांवर याच सुमारास पिठूळ डाग येतात, ती भुरी. बुरशी म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो, पण हिला पानावर पाणी लागतच नाही. धो-धो पाऊस तर तिला धुऊनच काढतो. कोरडा दिवस आणि दमट रात्र हे तिचं सुगीचं हवामान. ब्राझीलच्या बेट्टिओल यांनी १९९९ मध्ये भोपळ्याच्याच जातीच्या एका भाजीवर गाईचं दूध पाण्यात मिसळून फवारलं आणि भुरी आटोक्यात राहिली. एक भाग दूध, नऊ भाग पाणी. आमच्याकडे यावर ‘माणसांना चहाला दूध नाही’ अशी प्रतिक्रिया आली, म्हणून पिशवी विसळलेलं पाणी वापरतो.

कोथिंबिरीची घाई नको. तापत्या दिवसांत पेरली तर ती पानं सोडून लवकर फुलावर येते. दिवाळीच्या आसपास बरं. धणा अख्खा पेरू नये. तो एक दाणा दिसला तरी आत दोन बिया असतात, तेव्हा लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करायच्या.

राहता राहिला दिवा. तो बंद करणं सुरक्षेच्या नियमात बसेना. मग तेलाचा पत्र्याचा डबा कापून त्याची झडप केली, म्हणजे उजेड दारावर पडेल आणि वेल अंधारात राहील. वॉचमनकाकांनी विचारलं, “साहेब, दिव्याला टोपी कशाला?” म्हटलं, “वालाची झोपमोड होते, काका.” ते माझ्याकडे जरा बघत राहिले. दुसऱ्या दिवशी वर गेलो तर त्यांनी ती टोपी तारेने घट्ट आवळून ठेवली होती, वाऱ्याने हलू नये म्हणून.

एकविसाव्या दिवशी टाकीजवळच्या वेलावर पहिला तुरा आला. मागोमाग काळा मावा आला, आणि त्याच्या मागे मुंग्या. पहिल्या तोडीला शेंगा मिळाल्या अकरा. वांग्यात घातल्या.