डफी नक्की रिसेप्टर आहे का?

डफी हा लाल पेशींवरच्या एका प्रथिनाचा रक्तगट, रक्तपेढीत काम करणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. १९५० ला हिमोफिलियाच्या एका पेशंटच्या सीरममध्ये नवीन अँटीबॉडी सापडली, त्याला आधी बऱ्याचदा रक्त दिलेलं होतं, आणि त्याचंच आडनाव त्या रक्तगटाला मिळालं. १९५५ ला त्याचे दोन्ही अँटीजेन (पेशीवरच्या खुणा, एफवाय-ए आणि एफवाय-बी) नसलेली, म्हणजे डफी-निगेटिव्ह माणसं सापडली, आणि सत्तरच्या दशकात कळलं की त्यांच्या लाल पेशींत व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी सहसा शिरत नाही. पण डफी त्या पेशीवर मुळात कशाला बसलाय, हे चाळीस वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

उत्तर दुसऱ्याच वाटेने आलं. १९८७ ला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीला ओढून आणणारं एक छोटं प्रथिन वेगळं काढलं, आज त्याला आयएल-८ म्हणतात. मग अशी प्रथिनं भराभर सापडायला लागली, प्रत्येक लॅबचं नाव वेगळं, शेवटी १९९२ ला सगळ्यांसाठी केमोकाइन हे नाव ठरलं. तोवर दिसलेलं होतं की रक्तात आयएल-८ मिसळलं की ते लाल पेशींना जाऊन चिकटतं, आणि १९९३ ला पक्कं झालं की ते ज्याला चिकटतं तो आपला डफीच.

घोळ इथून सुरू झाला. त्याला 'डार्क' (डफी अँटीजेन रिसेप्टर फॉर केमोकाइन्स) नाव दिलं, त्यात 'रिसेप्टर' हा शब्द होता, आणि रिसेप्टर म्हटलं की माणूस धरून चालतो की केमोकाइन चिकटलं की पेशीच्या आत सिग्नल जाणार. डफी जी-प्रोटीनच्या (पेशीच्या आत निरोप नेणाऱ्या प्रथिनांच्या) नेहमीच्या वाटेने काहीच सिग्नल देत नाही, त्यासाठी लागणारा अमिनो आम्लांचा तुकडाच त्याच्यात नाही. मग तो केमोकाइन शोषून घेणारा स्पंज की ते पुरवणारा साठा, यावर बरीच वर्षं वाद चालला. मला वाटतं दोघंही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या जागी बघत होते: लाल पेशीवर तो रक्तातलं जास्तीचं केमोकाइन धरून ठेवतो, आणि बारीक शिरांच्या आतल्या अस्तरावर तोच ऊतीकडचं केमोकाइन रक्ताच्या बाजूला नेतो आणि न्यूट्रोफिलला आत यायला मदत करतो. २०१४ ला नाव बदलून एसीकेआर१ केलं, 'अ‍ॅटिपिकल', म्हणजे नेहमीसारखा नसलेला, म्हणून, जे खरं तर आधीच करायला हवं होतं.

जागेचा हा फरक ट्रान्सफ्यूजनला थेट लागू पडतो. १९९५ ला कळलं की डफी-निगेटिव्ह लोकांत बहुतेकदा जीनच्या स्विचमधलं एकच अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे डफी फक्त लाल पेशींवरून गायब होतो, बाकी ऊतींत एफवाय-बी असतोच. म्हणून शरीराला तो परका वाटत नाही, आणि अशा पेशंटला एफवाय-बी पॉझिटिव्ह रक्त चालतं. सिकल सेलच्या पेशंटला पुन्हा पुन्हा रक्त लागतं, त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे.

नंतर केमोकाइन सगळीकडेच दिसायला लागले. साठवलेल्या प्लेटलेटच्या पिशवीत पांढऱ्या पेशींमुळे आयएल-८ वाढतं, साठवणीआधी त्या पेशी फिल्टर केल्या की ते कमी होतं, पण सीसीएल५ हे दुसरं केमोकाइन प्लेटलेटमधूनच सुटतं, तिथे फिल्टरचं काही चालत नाही. स्टेम सेल बोन मॅरोमध्ये सीएक्ससीएल१२ या केमोकाइनमुळे टिकून असतात, तो धरबंध सोडवणारं प्लेरिक्साफोर हे औषध आधी एचआयव्हीसाठी बनवत होते, २००८ ला अमेरिकेत स्टेम सेल गोळा करण्यासाठी मंजूर झालं. किडनी ट्रान्सप्लांटमध्ये आता लघवीतलं सीएक्ससीएल९ आणि १० हे केमोकाइन मोजतात, रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) सुरू झालं की ते वाढतं, पण बीके व्हायरसच्या संसर्गानेही वाढतं, म्हणून बायोप्सीची सुई अजून सुटलेली नाही.