पार्श्वभूमी : माल्टाचा मिडफिल्डर फ्रान्समधून कसा आला?

माल्टाच्या फुटबॉल संघाच्या मधल्या फळीतला खेळाडू टेडी ट्यूमा दक्षिण फ्रान्समध्ये जन्मला आणि तिथल्या खालच्या विभागांत खेळत घडला. 2019 मध्ये तो ब्रुसेल्समधल्या युनियन सां-जिलवाज क्लबात गेला, 2020 मध्ये माल्टाकडून खेळू लागला. 2021 मध्ये हा क्लब 48 वर्षांनी बेल्जियमच्या अव्वल विभागात परतला आणि पहिल्याच हंगामात दुसरा आला. कर्णधार हाच होता. 2023 मध्ये युरोपा लीगची (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा) उपांत्यपूर्व फेरी गाठून तो फ्रान्सच्या अव्वल विभागात गेला.

या वाटेचं मूळ स्थलांतरात आहे. 19व्या शतकात हजारो माल्टीज ट्युनिशिया-अल्जीरियात गेले. ते देश स्वतंत्र झाल्यावर त्यांतली बरीच कुटुंबं फ्रान्समध्ये आली.

खरी गुंतागुंत कागदपत्रांची. 2007 च्या दुरुस्तीनंतर माल्टात जन्मलेला एक पूर्वज आणि त्याच पूर्वजाचे आई किंवा वडीलही माल्टातच जन्मलेले, एवढं सिद्ध झालं की वंशजाला नोंदणीने नागरिकत्व मिळतं. तो पूर्वज पणजोबा असला तरी चालतं. मात्र मधली पिढी हयात असेल तर आधी तिने नोंदणी करायची. वडिलांनी टाळाटाळ केली की मुलाचा अर्जही अडतो. जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांची साखळी अखंड लागते. ती नावांपाशी तुटते : जुन्या माल्टीज नोंदी इटालियनमध्ये, म्हणून तिथला ज्युझेप्पे फ्रेंच दाखल्यावर जोसेफ होतो. दोघे एकच, हे सिद्ध करण्यात महिने जातात.

एवढं करून पासपोर्ट हाती आला तरी मैदान मिळेलच असं नाही. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार नंतर घेतलेल्या नागरिकत्वावर खेळायचं, तर खेळाडू स्वतः, त्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणीतरी त्या देशात जन्मलेलं हवं. नाहीतर तिथे पाच वर्षांचं सलग वास्तव्य हवं (वयाच्या दहाव्या वर्षाआधी राहायला आला असेल तर तीन वर्षांचं). म्हणजे आजोबा ट्युनिसमध्ये आणि पणजोबा व त्यांचे वडील माल्टात जन्मले असतील, तर नातू माल्टाचा नागरिक होतो, पण तिथे राहिल्याशिवाय माल्टाची जर्सी घालू शकत नाही. उत्तर आफ्रिकेमार्गे आलेल्या घराण्यांवर हा सरळ अन्याय आहे.

बाहेरून आलेले खेळाडू स्थानिक पोरांची जागा अडवतात, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. जेमतेम पावणेसहा लाख वस्तीच्या देशात बेल्जियम-फ्रान्सच्या वेगाने दर आठवड्याला खेळणारा मिडफिल्डर घरच्या लीगमधून तयार होणं फार कठीण. आणि ट्यूमा आपल्या पूर्वजांच्याच देशासाठी उतरतो आहे.